कोण कोणावर अवलंबून? यादी संगणकालाच करू द्या

विशेष प्रतिनिधी

सॉफ्टवेअरमधील चूक सापडली, ती दुरुस्तही झाली. तरीही आज्ञावली पूर्वीचेच चुकीचे उत्तर देत राहिली, हा अनुभव प्रोग्रॅमरच्या व्यवसायात नवा नाही. अशा वेळी पुष्कळदा दुरुस्ती बरोबरच असते. मात्र ती तयार सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचलेली नसते. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे, याची यादी अपुरी राहिली की असे घडते. ही यादी हाताने लिहिण्याऐवजी एका ओळीची आज्ञा देऊन संगणकाकडूनच करून घेण्याची सोय फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. ती कशी चालते, कोठे फसते आणि अलीकडच्या काळात नियामक संस्थांनाही अशा याद्या का हव्याशा वाटू लागल्या, याचा हा आढावा.

एक सॉफ्टवेअर, अनेक फाइली

सी किंवा सी प्लस प्लस या भाषांत लिहिलेले मोठे सॉफ्टवेअर एका फाइलीत मावत नाही. त्याची मूळ संहिता, म्हणजेच सोर्स कोड, शेकडो आणि कधी हजारो फाइलींत विभागलेला असतो. कंपायलर यातील प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे वाचतो आणि तिच्यापासून यंत्राला समजणारी एक ऑब्जेक्ट फाइल तयार करतो. या सर्व ऑब्जेक्ट फाइली लिंकर एकत्र जोडतो आणि चालवण्याजोगे सॉफ्टवेअर तयार होते.

या व्यवस्थेत हेडर फाइलींना विशेष महत्त्व आहे. अनेक फाइलींना समान लागणाऱ्या व्याख्या एकाच ठिकाणी लिहून ठेवण्याची जागा म्हणजे हेडर. ज्या फाइलीला त्या व्याख्या हव्या असतील, ती ‘इन्क्लूड’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत हेडरचे नाव देते. ती ओळ दिसताच, हेडरमधील सारा मजकूर जणू तेथेच लिहिलेला आहे असे मानून कंपायलर पुढे जातो. एका हेडरमधून दुसरे हेडर आणि दुसऱ्यातून तिसरे मागवता येते.

याचा परिणाम उघड आहे. हेडरमध्ये एका शब्दाचा बदल झाला, तरी ते मागवणाऱ्या प्रत्येक फाइलीचे संकलन पुन्हा करावे लागते. प्रत्येक वेळी सगळ्याच फाइली नव्याने संकलित केल्या, तर प्रश्न उरत नाही. परंतु मोठ्या सॉफ्टवेअरला त्यासाठी कित्येक मिनिटे, प्रसंगी तास लागतात. म्हणून जेथे बदल झाला तेवढेच पुन्हा करावे, बाकीचे जुने तसेच वापरावे, अशी पद्धत रूढ झाली. या पद्धतीचा सारा डोलारा अवलंबित्वाच्या यादीवर उभा आहे.

वाया गेलेली एक सकाळ

हे काम करणारे ‘मेक’ हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये लिहिले. त्यामागील निमित्त फेल्डमन यांनीच पुढे सांगितले आहे. त्यांचे सहकारी स्टीफन जॉन्सन एके दिवशी संतापून त्यांच्या खोलीत आले. आज्ञावलीतील दोष त्यांनी आधीच दूर केला होता. पण दुरुस्त केलेल्या फाइलीचे संकलन करायचे राहून गेले होते. परिणामी मुळात बरोबर असलेल्या आज्ञावलीत चूक शोधण्यात त्यांची सबंध सकाळ खर्ची पडली. फेल्डमन यांनाही आदल्या दिवशी असाच मनस्ताप झाला होता. त्यातून ‘मेक’ची कल्पना पुढे आली. या कामासाठी फेल्डमन यांना २००३ मध्ये एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार देण्यात आला.

‘मेक’चे तत्त्व साधे आहे. ‘मेकफाइल’ नावाच्या फाइलीत प्रोग्रॅमर नियम लिहितो. नियमात विसर्गचिन्हाच्या डावीकडे तयार करायची वस्तू आणि उजवीकडे ती ज्यांवर अवलंबून आहे त्या फाइली असतात. खालच्या ओळीत, ती वस्तू कशी तयार करायची याची आज्ञा असते. ‘मेक’ चालवले की ते प्रत्येक फाइल शेवटची केव्हा बदलली, ती वेळ पाहते. उजवीकडील एखादी फाइल डावीकडील वस्तूपेक्षा नवी असेल, तर ती वस्तू पुन्हा तयार केली जाते. नसेल तर तिला हात लावला जात नाही.

‘मेक’ला यापलीकडे काही कळत नाही, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. फाइलींच्या आत काय लिहिले आहे ते हे साधन वाचत नाही. यादीत एखादे हेडर लिहायचे राहिले, तर त्या हेडरमधील बदल ‘मेक’च्या दृष्टीने घडलेलाच नसतो. तक्रार येत नाही, धोक्याची सूचना मिळत नाही. काम नेहमीप्रमाणे ‘यशस्वी’ होते.

सहा हजारांचे तीन हजार

अपुऱ्या यादीची किंमत किती असू शकते, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, एखाद्या पतसंस्थेच्या ठेवींवरील व्याज काढणारी आज्ञावली सी भाषेत लिहिली आहे. ‘खाते.एच’ या हेडरमध्ये खात्याच्या नोंदीचा नमुना दिला आहे: आधी खाते क्रमांक, मग मुद्दल, मग ठेवीचे महिने. प्रत्येक रकान्याला चार बाइट. ‘व्याज.सी’ ही फाइल या नोंदीवरून व्याज काढते. सुरुवातीला ‘व्याज.सी’ला केवळ व्याजदरांचे ‘दर.एच’ हे हेडर लागत होते, म्हणून मेकफाइलमध्ये तेवढीच नोंद होती. पुढे कोणी तरी ‘व्याज.सी’मध्ये ‘खाते.एच’ मागवणारी ओळ घातली; मेकफाइलमधील नोंद मात्र तशीच राहिली. हाताने केलेल्या याद्या बहुधा अशाच मागे पडतात.

काही महिन्यांनी संस्थेने शाखा वाढवल्या. खाते क्रमांकानंतर शाखेचा क्रमांक लिहिण्यासाठी ‘खाते.एच’मध्ये एक नवा रकाना आला. ‘मेक’ चालवले गेले. ज्या फाइलींच्या नोंदीत ‘खाते.एच’ होते त्या नव्याने संकलित झाल्या. ‘व्याज.सी’ची जुनी ऑब्जेक्ट फाइल तशीच जोडली गेली. दोन्हींतील नावे जुळत असल्यामुळे लिंकरनेही हरकत घेतली नाही. सी भाषेत लिंकर नावे जुळवतो, नोंदीचे रकाने जुळतात की नाही हे तो तपासत नाही.

आता १२ क्रमांकाच्या शाखेतील एका ठेवीदाराचे ५० हजार रुपये २४ महिन्यांसाठी दरसाल ६ टक्के सरळ व्याजाने ठेवलेले आहेत, असे धरू. व्याज ६ हजार रुपये व्हायला हवे. परंतु जुनी ऑब्जेक्ट फाइल जुन्याच नमुन्याप्रमाणे वाचते. दुसऱ्या रकान्यात मुद्दल आहे असे ती मानते. तेथे आता शाखा क्रमांक १२ आहे. तिसऱ्या रकान्यात महिने आहेत असे ती समजते. तेथे ५० हजार ही मुद्दल आहे. साहजिकच १२ रुपयांवर ५० हजार महिन्यांचे व्याज काढले जाते. ते भरते बरोबर ३ हजार रुपये.

हा आकडा हास्यास्पद नाही, आणि धोका त्यातच आहे. उत्तर उणे किंवा कोट्यवधींत आले असते, तर कोणाच्याही लक्षात आले असते. तीन हजार रुपये मात्र पासबुकावर खपून जातात. पुढे ठेवीदाराने तक्रार केली, तर प्रोग्रॅमर संहिता तपासतो. ती निर्दोष असते. मग तो सवयीने सर्व जुन्या ऑब्जेक्ट फाइली पुसून टाकतो आणि सारे नव्याने संकलित करतो. चूक नाहीशी होते, कारण मात्र उलगडत नाही. पुढच्या वेळी हेडर बदलले की तोच प्रकार पुन्हा घडतो.

मेकडिपेंडची वाट

यादी हाताने लिहिणे धोक्याचे आहे, हे लवकरच लक्षात आले. १९८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी येथे एक्स विंडो या चित्रमय प्रणालीचे काम सुरू झाले. तिची संहिता मोठी होती आणि ती निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवायची होती. या प्रणालीसोबत ‘मेकडिपेंड’ नावाचे साधन येऊ लागले. टेक्ट्रॉनिक्स कंपनी आणि एमआयटीचा अथेना प्रकल्प यांच्याशी संबंधित टॉड ब्रुनहॉफ हे त्याचे लेखक.

मेकडिपेंडला आपल्या सर्व फाइलींची नावे द्यायची. ते प्रत्येक फाइल वाचते, इन्क्लूडच्या ओळी शोधते, त्या हेडरांमध्ये शिरून त्यांनी मागवलेली हेडरेही शोधते आणि सारी यादी मेकफाइलच्या शेवटी लिहून टाकते. ‘ही ओळ पुसू नका’ अशा आशयाची एक खूण तेथे असते; त्या खुणेखालचा जुना मजकूर दर वेळी काढून तेथे नवा लिहिला जातो. जुनी मेकफाइल सुरक्षित राहावी म्हणून तिची एक प्रतही ठेवली जाते.

या साधनाचे दोन फायदे होते. ते वेगवान होते आणि कोणत्याही कंपायलरसोबत चालत असे. त्याच्या मर्यादाही होत्या. मेकडिपेंड स्वतः कंपायलर नाही. हेडर कोणत्या फोल्डरमध्ये शोधायचे आणि कोणते शब्द आधीपासून व्याख्यात आहेत, याबाबत त्याची समजूत खऱ्या कंपायलरपेक्षा वेगळी असू शकते. तसे झाले, की यादी एका संहितेची आणि संकलन दुसऱ्याच संहितेचे, अशी गत होते. शिवाय मेकडिपेंड चालवण्याची आठवण माणसानेच ठेवायची असल्याने विसरण्याची शक्यता संपली नाही, ती केवळ एक पायरी पुढे सरकली.

कंपायलरलाच विचारा

कोणती हेडरे उघडली गेली, याचे खात्रीचे उत्तर एकच घटक देऊ शकतो. तो म्हणजे ती उघडणारा कंपायलर. म्हणूनच जीएनयू प्रकल्पाच्या जीसीसी या कंपायलरमध्ये यादी करण्याची सोय अंगभूत आहे. क्लँग या नंतरच्या कंपायलरनेही तेच पर्याय स्वीकारले. या लेखात आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत टंकायच्या असतात. जीसीसी हे नाव लहान अक्षरांत आणि पुढील पर्यायांतील एम, डी, पी, टी, जी ही अक्षरे मोठ्या लिपीत, हा भेद पाळावा लागतो.

टर्मिनलच्या खिडकीत पुढील आज्ञा दिली,

जीसीसी -एमएम व्याज.सी

की पडद्यावर अशी ओळ येते:

व्याज.ओ: व्याज.सी दर.एच खाते.एच तारीख.एच

यातील ‘तारीख.एच’ पाहण्यासारखे आहे. ‘व्याज.सी’मध्ये त्याचा उल्लेखही नाही. ते ‘खाते.एच’ने मागवले आहे. हाताने यादी करणारा माणूस पहिल्या पातळीवर थांबतो. कंपायलर साखळीच्या टोकापर्यंत जातो. या आज्ञेने संकलन होत नाही, केवळ यादी मिळते. ती ‘मेक’च्या नियमाच्या स्वरूपातच असल्याने जशीच्या तशी वापरता येते.

पर्यायात एम हे अक्षर एकदाच दिले, तर प्रणालीसोबत येणारी हेडरेही यादीत येतात आणि छोट्याशा फाइलीचीही यादी लांबलचक होते. दोनदा दिल्यास ती वगळली जातात. नित्याच्या कामाला दुसरा पर्याय पुरतो. मात्र यंत्रावरील प्रणाली अद्ययावत केल्यानंतर काय काय पुन्हा संकलित व्हावे, हे जाणून घ्यायचे असेल, तर पहिलाच पर्याय योग्य ठरतो.

यादीही शिळी होते

येथवर अर्धे काम झाले. यादी एकदा काढून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी फाइलीत नवे हेडर आले, तर ती यादी पुन्हा अपुरी ठरते. लिनक्स कर्नलच्या २.४ मालिकेपर्यंत संकलनापूर्वी ‘मेक डेप’ ही स्वतंत्र आज्ञा द्यावी लागे, हे जुन्या वापरकर्त्यांना स्मरत असेल. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ मालिकेत ही पायरी नाहीशी झाली. यादी आता संकलनाच्या ओघातच तयार होऊ लागली होती.

यामागील विचार चतुर आहे. ऑब्जेक्ट फाइल अस्तित्वातच नसेल, तर यादी असो वा नसो, संकलन होणारच आहे. म्हणजे पहिल्या वेळी यादीची गरजच नाही. गरज लागते ती दुसऱ्या वेळी, आणि तोवर पहिल्या संकलनात कंपायलरने सर्व हेडरे वाचलेली असतात. तेव्हा संकलन करता करताच त्याने यादीही लिहून ठेवावी. फाइल बदलली की तिचे संकलन पुन्हा होते आणि त्यासोबत यादीही ताजी होते. जीएनयूच्या ऑटोमेकसारख्या साधनांत ही पद्धत टॉम ट्रोमी यांच्या प्रयत्नांतून रुजली.

जीसीसीमध्ये यासाठी ‘-एमएमडी’ हा पर्याय आहे. तो दिल्यास ‘व्याज.ओ’सोबत ‘व्याज.डी’ नावाची छोटी फाइल तयार होते आणि तिच्यात वर दिलेली ओळ असते. मेकफाइलमध्ये त्यासाठी दोन ओळी पुरतात:

सीफ्लॅग्ज += -एमएमडी -एमपी
-इन्क्लूड $(ऑब्जेक्ट्स:.ओ=.डी)

पहिली ओळ कंपायलरला यादी लिहायला सांगते. दुसरी ओळ त्या सर्व याद्या ‘मेक’ला वाचायला लावते. ‘इन्क्लूड’पूर्वीची आडवी रेघ महत्त्वाची आहे. पहिल्या वेळी ‘.डी’ फाइली नसतात. त्या नसल्याबद्दल अडून बसू नये, असे ती रेघ ‘मेक’ला सांगते. मात्र दुसरी ओळ मेकफाइलच्या अगदी आरंभी ठेवू नये. ‘मेक’ आपले मुख्य काम पहिल्या नियमावरून ठरवते. याद्या आधी वाचल्या गेल्या, तर एखादी ऑब्जेक्ट फाइलच मुख्य काम समजली जाते. ती फाइलीच्या शेवटी ठेवणे इष्ट.

हमखास फसण्याच्या जागा

साधन चांगले असले, तरी काही ठिकाणी सावध राहावे लागते.

पहिली जागा हटवलेल्या हेडरची. ‘तारीख.एच’ हे हेडर काढून टाकले आणि ते मागवणारी ओळही पुसली, तरी जुन्या ‘.डी’ फाइलीत त्याचे नाव असते. ‘मेक’ ते शोधते, सापडत नाही आणि ‘हे तयार करण्याचा नियम नाही’ असे सांगून काम थांबवते. ‘-एमपी’ हा पर्याय प्रत्येक हेडरच्या नावाने एक रिकामा नियम लिहून ठेवतो, त्यामुळे ही अडचण येत नाही.

दुसरी जागा फोल्डरची. अनेक जण ऑब्जेक्ट फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात. ‘-एमएम’ने काढलेल्या यादीत डावीकडे नुसते ‘व्याज.ओ’ असे नाव येते, फोल्डरचे नाव येत नाही. ‘मेक’च्या दृष्टीने ती वेगळीच फाइल ठरते आणि सगळी यादी निरुपयोगी होते, तीही निमूटपणे. अशा वेळी ‘-एमटी’ या पर्यायाने डावीकडचे पूर्ण नाव स्वतः द्यावे लागते.

तिसरी जागा सशर्त संकलनाची. ‘अमुक शब्द व्याख्यात असेल तरच हे हेडर मागव’ अशी अट संहितेत घालता येते. त्यामुळे यादी ही फाइलीइतकीच संकलनाच्या पर्यायांवरही ठरते. यादी काढताना आणि संकलन करताना एकच पर्याय दिलेले हवेत. संकलनासोबतच यादी करण्याच्या पद्धतीत हे आपोआप साधते.

चौथी जागा यंत्राने लिहिलेल्या हेडरांची. काही हेडरे माणूस लिहीत नाही; दुसरे एखादे साधन ती संकलनाच्या वेळी तयार करते. पहिल्या वेळी ती अस्तित्वातच नसल्याने कंपायलर अडतो. अशी हेडरे इतर सर्वांच्या आधी तयार व्हावीत, हा क्रम मेकफाइलमध्ये स्पष्ट लिहावा लागतो. नुसती यादी काढायची असेल, तर ‘-एमजी’ हा पर्याय न सापडलेली हेडरे पुढे तयार होतील असे गृहीत धरतो.

याशिवाय दोन गोष्टी या यादीत येतच नाहीत. कंपायलरचे पर्याय बदलले, तर कोणतीही फाइल बदललेली नसल्याने ‘मेक’ला ते कळत नाही. त्याचप्रमाणे ‘दर.एच’ या नावाचे दुसरे हेडर, शोधाच्या क्रमात आधी येणाऱ्या फोल्डरमध्ये नव्याने आले, तर कंपायलर ते उचलील; पण यादीत जुन्याचीच नोंद असल्याने पुन्हा संकलन होणार नाही. यादीत ‘काय वाचले’ याची नोंद असते, ‘काय सापडले नाही’ याची नसते.

आपली यादी पुरेशी आहे की नाही, हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. ‘टच’ या आज्ञेने एखाद्या हेडरची वेळ ताजी करावी आणि मग ‘मेक -एन’ चालवावे. येथील एन लहान लिपीतील. यात ‘मेक’ प्रत्यक्ष काही करत नाही, काय करणार ते केवळ सांगते. ते हेडर वापरणारी एखादी फाइल त्यात दिसली नाही, तर यादीत भोक आहे असे समजावे. पाच मिनिटांची ही चाचणी वर दिलेल्या उदाहरणातील तीन हजार रुपये वाचवू शकली असती.

फाइलींकडून पॅकेजकडे

आज बहुतेक सॉफ्टवेअर इतरांनी लिहिलेल्या तयार भागांवर उभे असते. त्यामुळे अवलंबित्वाचा प्रश्न फाइलींपुरता उरलेला नाही. प्रत्येक भाषेने त्यासाठी आपापली आज्ञा दिली आहे. जावामध्ये २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून ‘जेडेप्स’ आहे. मेव्हन वापरणाऱ्यांना ‘डिपेंडन्सी ट्री’ ही आज्ञा परिचित आहे. गो भाषेत ‘गो लिस्ट’, रस्टमध्ये ‘कार्गो ट्री’, जावास्क्रिप्टमध्ये ‘एनपीएम एलएस’ तेच काम करतात.

या याद्यांचे मोल डिसेंबर २०२१ मध्ये जगाला कळले. जावा आज्ञावल्यांत नोंदी ठेवण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या लॉगफोरजे या भागात गंभीर दोष उघड झाला. तो वापरून दूरवरच्या हल्लेखोराला सर्व्हरवर आपली आज्ञा चालवता येत होती. दुरुस्त आवृत्ती लगोलग आली. पण ती कोठे बसवायची, हे सांगणे अनेक संस्थांना जमेना. कारण आपल्या कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये हा भाग आहे, याची यादीच त्यांच्याकडे नव्हती. गुगलच्या सुरक्षा चमूने त्या महिन्यात केलेल्या पाहणीत मेव्हन सेंट्रल या भांडारातील ३५ हजारांहून अधिक पॅकेजना या दोषाची झळ बसल्याचे आढळले. त्यांतील बहुसंख्य पॅकेजनी लॉगफोरजे स्वतः मागवले नव्हते. त्यांनी मागवलेल्या भागाने मागवलेल्या भागात ते दडलेले होते. ‘व्याज.सी’च्या यादीत ‘तारीख.एच’ यावे, तसाच हा प्रकार.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या दोन आवृत्त्यांत हेतुपुरस्सर चोरवाट ठेवल्याचे उघड झाले. तिचे लक्ष्य होते दूरच्या यंत्रात प्रवेश देणारा ओपनएसएसएच हा सर्व्हर. मूळ ओपनएसएसएच एक्सझेडवर अवलंबून नाही. परंतु काही लिनक्स वितरणांनी त्याला सिस्टिमडीच्या लायब्ररीशी जोडले होते आणि ती लायब्ररी एक्सझेडच्या लायब्ररीवर अवलंबून होती. प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना ही चोरवाट सापडली. अवलंबित्वाची यादी हाताशी असती, तरी तिने चोरवाट दाखवली नसती. एखादा भाग प्रामाणिक आहे की नाही, हे यादी सांगत नाही. मात्र चोरवाट सापडल्यानंतर आपले यंत्र त्या साखळीत येते की नाही, याचे उत्तर यादीवरूनच मिळते.

सॉफ्टवेअरच्या घटकांच्या अशा यादीला ‘सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स’ किंवा थोडक्यात एसबॉम असे म्हणतात. अमेरिकेत मे २०२१ च्या अध्यक्षीय आदेशाने सरकारी खरेदीच्या संदर्भात तिला स्थान दिले. भारतात मुंबईस्थित सेबीने ऑगस्ट २०२४ मधील सायबर सुरक्षा चौकटीत तिचा समावेश केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने तिच्याबाबत तांत्रिक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. शेअर बाजाराशी संबंधित संस्थांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांना ‘यात काय काय आहे’ या प्रश्नाचे लेखी उत्तर त्यामुळे द्यावे लागते.

येथेच जुनी चूक नव्या रूपात घडण्याची भीती आहे. नियमाची पूर्तता म्हणून एखाद्या तक्त्यात हाताने नावे भरून दिली, तर ती यादी पहिल्याच बदलानंतर शिळी होईल. कागदावर सर्व काही व्यवस्थित दिसेल आणि ऐन प्रसंगी उपयोग होणार नाही. पाव शतकापूर्वी लिनक्सच्या विकासकांना जे उमगले, ते येथेही लागू पडते. यादी ही संकलनाच्या ओघात, संकलन करणाऱ्या साधनाकडूनच तयार व्हावी आणि प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत ती नवी निघावी. माणसाचे काम ती वाचण्याचे आणि तिच्यात न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल प्रश्न विचारण्याचे आहे.

उपयुक्त आज्ञा एका दृष्टिक्षेपात

- जीसीसी -एमएम: आपल्या हेडरांची यादी, संकलनाविना
- जीसीसी -एम: प्रणालीच्या हेडरांसह संपूर्ण यादी
- जीसीसी -एमएमडी -एमपी -सी: संकलन करताना सोबत यादी, -सी लहान लिपीत
- मेक -एन: काय पुन्हा तयार होईल, याची आगाऊ कल्पना
- एलडीडी: तयार सॉफ्टवेअर चालताना लिनक्सवर कोणत्या लायब्ररी लागतात त्यांची यादी, केवळ विश्वासातील फाइलींवरच वापरावी